आकडे रोज जातील. पलीकडे बघणार कोण?

पत्र थोडक्यात असं: "माझे वडील ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आई ६९ वर्षांची. दोघंच संगमेश्वर तालुक्यात आमच्या गावी असतात. वडिलांना पूर्वी एकदा हार्ट अटॅक येऊन गेलाय. यंदा मार्चमध्ये पाय सुजले, दम लागायला लागला म्हणून कोल्हापूरला आठ दिवस ॲडमिट होते. हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे असं सांगितलंय. बीपी, शुगर आधीपासूनच. डिस्चार्ज देताना हॉस्पिटलने घरबसल्या देखरेखीचं पॅकेज सुचवलं. बीपीचं मशीन, वजनकाटा, ऑक्सिमीटर, सगळं मोबाइलला जोडलेलं. आकडे रोज त्यांच्याकडे जाणार आणि महिन्यातून दोनदा डॉक्टर व्हिडिओवर बोलणार. भाऊ न्यू जर्सीला आहे. तो म्हणतो, पैशांचं बघू नकोस, पॅकेज घे, मी वर एक घड्याळ पाठवतो, आणि माजघरात कॅमेराही लावू. वडील म्हणतात, 'माझ्यावर पाळत ठेवायचं काम नाही.' मी ठाण्याला नोकरी करते. दोघांना इकडे आणायचा विषय काढला की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. पॅकेज घ्यावं का? त्यावर विसंबता येतं का? आणि खरं सांगा, मशीन लावून आम्ही जबाबदारी झटकतोय का?" – एक वाचक, ठाणे

प्रिय ताई,

पॅकेज घ्यायला माझी हरकत नाही, पण पैसे भरण्याआधी हॉस्पिटलला फोन करून एवढं विचारा: सकाळी सात वाजता वडिलांचं वजन तीन दिवसांपूर्वीपेक्षा दोन किलोने जास्त दिसलं, तर तुमच्याकडे ते कोण बघतं, किती वेळात बघतं आणि बघून काय करतं? रविवारी कोण बघतं? गणपतीच्या दिवशी कोण असतं? "आमची नर्स अमुक वेळेपर्यंत फोन करते, ती डॉक्टरांना विचारते आणि गोळी वाढवायची की नाही हे त्याच दिवशी कळवते," असं उत्तर आलं तर घ्या. "ॲपवर लाल खूण येते," एवढंच उत्तर आलं तर घेऊ नका. लाल खूण तुमच्या आईलाच दिसणार, आणि तिने त्याचं काय करायचं?

हा प्रश्न मी पहिला ठेवला, कारण या विषयातलं संशोधन तिथेच येऊन थांबतं. अमेरिकेत हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे तुमच्या वडिलांसारखं हृदय कमी पडू लागलेल्या, १,६५३ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोनवर आपलं वजन आणि त्रास कळवायचा, डॉक्टरांकडच्या लोकांनी ते तपासायचं, अशी रचना होती. सहा महिन्यांनी बघितलं तर पुन्हा ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूंमध्ये काहीच फरक नव्हता. सातातल्या एका रुग्णाने तर तो फोन एकदाही वापरला नाही. मग २०१८ मध्ये जर्मनीतला अभ्यास आला, १,५७१ रुग्णांचा. त्यात वजन, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन आणि "आज कसं वाटतंय" याचं उत्तर रोज बर्लिनच्या एका केंद्राकडे जायचं. तिथे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास हजर असायचे. आकडा बिघडला की ते रुग्णाला फोन करायचे, औषध बदलायचे, गरज पडली तर गावातल्या डॉक्टरकडे पाठवायचे. या रुग्णांचे हृदयविकारामुळे अचानक ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूमुळे गेलेले दिवस वर्षाला सरासरी १७.८ होते, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचे २४.२. मृत्यूही कमी झाले. दोन्ही देशांत रुग्ण घरूनच कळवत होते. माझ्या मते मोठा फरक पलीकडे बसलेल्या माणसांनी पाडला.

लांबून हृदय तपासण्याची कल्पना तशी जुनीच आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइनथोव्हेन यांनी १९०५ मध्येच रुग्णालयातल्या रुग्णांचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता, कारण त्यांचं यंत्र हलवता येण्यासारखं नव्हतं. पण तिथेही तारेच्या दुसऱ्या टोकाला ते स्वतः होते.

तुमच्या वडिलांच्या आजारात वजनाला एवढं महत्त्व का, तेही सांगते, कारण घरच्यांना हे कुणी नीट समजावत नाही. पंपिंग कमी असलं की शरीरात पाणी साठायला लागतं. पाय सुजायच्या आणि रात्री दम लागायच्या बरेच दिवस आधी ते काट्यावर दिसतं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं तर ती चरबी नसते, एवढ्या लवकर कुणी जाड होत नाही. ते पाणीच असतं. त्याच वेळी पाण्याच्या गोळीचा, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीचा, डोस डॉक्टरांनी बदलला, तर पुष्कळदा पुढचं ॲडमिट होणं टळतं. म्हणून मला विचाराल तर या सगळ्या सामानात सगळ्यात मोलाची वस्तू साधा वजनकाटा आहे, आणि त्याला मोबाइल जोडलेला नसला तरी चालतं.

मात्र आकडा का वाढला, हे काटा सांगत नाही. माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका आजोबांचं वजन असंच दोन दिवसांत वर गेलं. फोनवर विचारत गेले: गोळ्या घेताय? घेतोय. मीठ? बेताचंच. सुकी मासळी, पापड, लोणचं? नाही. मग विचारलं, "गुडघ्यांचं कसं आहे?" तर म्हणाले, "आता छान आहे, मेडिकलवाल्याने गोळी दिलीय ना." ती दुखण्यावरची गोळी होती, डायक्लोफेनॅक. त्या जातीच्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात, हार्ट फेल्युअरमध्ये त्या घेऊच नयेत. गोळी बंद केली, दोन दिवस पाण्याची गोळी वाढवली, वजन जागेवर आलं. कुठल्याही ॲपने गुडघ्यांची चौकशी केली नसती. तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यातही अशी एखादी पट्टी असेल, आईला आजच बघायला सांगा. आणि कोकणात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट, सुके बांगडे, खारवलेल्या कैऱ्या, मीठ घातलेलं आगळ हे सगळं घरात असतंच. सोलकढी प्यायची तर आगळाऐवजी आमसुलं भिजवून बिनमिठाची करा.

आता मोजण्याबद्दल. चुकीचं मोजलेलं बीपी न मोजलेल्यापेक्षा जास्त घोटाळा करतं. वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज साधारण तशाच कपड्यांत करायचं. काटा सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर ठेवू नका, आकडा खोटा येतो. लादीवर किंवा कोब्यावर जागा ठरवून तिथेच ठेवा. बीपी घेताना पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. पडवीतल्या झोपाळ्यावर बसून नको, सदऱ्याच्या बाहीवरून नको, आणि मधे आईशी बोलणं नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. मनगटाला बांधायचं मशीन घेऊ नका, दंडाचंच घ्या, आणि पट्टा वडिलांच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते बघा.

बीपीचं आणखी एक. हार्ट फेल्युअरच्या औषधांनी बीपी खालच्या बाजूला राहतं, आणि बऱ्याचदा ते तसं हवं असतं. वरचा आकडा १०० दिसला की घरचे घाबरून गोळी बंद करतात आणि पंधरा दिवसांनी रुग्ण पुन्हा ॲडमिट होतो. डॉक्टरांकडून दोन्ही मर्यादा लिहून घ्या: याच्या वर गेलं तर फोन, याच्या खाली गेलं किंवा उभं राहिल्यावर चक्कर आली तर फोन. वजनाचाही असाच आकडा लिहून घ्या. तो कागद फ्रीजवर चिकटवा. शुगर ७० च्या खाली गेली तर आधी साखर द्यायची, फोन नंतर, हेही त्याच कागदावर असू द्या.

ऑक्सिमीटर कोविडच्या वेळचा घरात कुठेतरी असेल, तो शोधा, नवा लागणार नाही. हात गार असले, नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असलं तर तो चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. म्हणून ९६ दिसतंय पण माणूस धापा टाकतोय, असं झालं तर माणसावर विश्वास ठेवा.

भावाच्या घड्याळाबद्दल: हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर ते घड्याळ सांगू शकतं, आणि याचा कधीकधी उपयोग होतो. पण हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही, बनवणारेच तसं सांगतात. वडिलांना एकदा अटॅक येऊन गेलाय. छातीत दुखत असताना घड्याळात सगळं ठीक दिसलं म्हणून घरी थांबले, असं व्हायला नको. त्यापेक्षा ते पैसे इन्व्हर्टर आणि चांगल्या रेंजसाठी घाला. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते, टॉवर बंद पडतो. मग पॅकेजचे आकडे जाणार कसे? हॉस्पिटलला हाही प्रश्न विचारा: दोन दिवस आमच्याकडून काहीच आलं नाही तर तुम्ही स्वतःहून फोन करता का? एरवी रेंज गेली तर साध्या फोनवरून आकडे सांगायची सोय आहे का? आमच्याकडची माहिती आणखी कुणाला देता का, हेही विचारा आणि उत्तर लेखी मागा.

कॅमेरा लावू नका. हे मी अगदी आग्रहाने सांगते. ज्या गुरुजींनी आयुष्यभर वर्गावर लक्ष ठेवलं, त्यांच्या माजघरात मुलांनी कॅमेरा लावायचा, हे त्यांना का लागेल ते तुम्हालाही कळतंय. आणि "पाळत नको" हे त्यांचं म्हणणं म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून बाजूला टाकू नका. शरीर त्यांचं, आकडे त्यांचे. शाळेत हजेरीपट ठेवलेला माणूस आहे. एक लांब वही द्या, तारीख-वजन-बीपी-"दम किती" असे रकाने त्यांनाच आखू द्या आणि त्यांच्या हाताने लिहू द्या. डॉक्टरांशी पहिला व्हिडिओ कॉल ठरेल तेव्हा बोलायला तेच बसतील, तुम्ही ठाण्याहून ऐकायला. ते शुद्धीवर आहेत, निर्णय घेऊ शकतात, तोवर त्यांच्या पाठीमागे त्यांच्यावर उपचार ठरवायचे नाहीत. देखरेखीचं पॅकेज घ्यायचं की नाही, हेही वरचे सगळे प्रश्न त्यांच्यासमोर ठेवून त्यांनाच ठरवू द्या. घ्यायचं ठरलं तर तीन महिन्यांचं घ्या. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले काही महिनेच सगळ्यात नाजूक असतात.

व्हिडिओवरची तपासणी कायदेशीर आहे का, अशी शंका तुमच्याकडच्या लोकांना येते आणि त्याला कारणही आहे. २०१८ मध्ये रत्नागिरीतलं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. डॉक्टर रुग्णालयात नसताना फोनवरून औषधं द्यायला सांगितली गेली आणि बाळंतीण दगावली. न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर बरेच डॉक्टर फोनवर साधं काही सांगायलाही कचरत होते. मग २५ मार्च २०२० ला, लॉकडाउन सुरू झाला त्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि चौकट ठरली. तुमच्या कामाचं तेवढं सांगते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा; महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो तपासता येतो. फीची पावती मागायचा तुम्हाला हक्क आहे. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत बोललात तर तो पाठपुरावा धरला जातो, पुढे तो नवा सल्ला होतो. काही गुंगीची आणि नशेची औषधं व्हिडिओवर लिहून देताच येत नाहीत. आणि संगणकाच्या प्रणालीने स्वतः रुग्णाला सल्ला देणं किंवा औषध लिहिणं चालत नाही. ती डॉक्टरला मदत करू शकते, डॉक्टरच्या जागी बसू शकत नाही. पॅकेजमध्ये चॅटवर उत्तर कोण देतं, हे त्यासाठी विचारायचं.

या सहा महिन्यांच्या हिशेबाने कोल्हापूरच्या फेऱ्या आत्ताच ठरवून टाका: एक मेमध्ये, पावसाआधी, आणि एक दिवाळीनंतर नोव्हेंबरात. मधल्या काळात आंबा घाटात दरड येऊन रस्ता बंद झाला तरी हाताशी व्हिडिओ असेल. प्रत्यक्ष जायला मात्र हवंच. पाय दाबून सूज बघणं, मानेची शीर बघणं, छातीत स्टेथोस्कोप लावून पाणी आहे का ऐकणं, हे पडद्यावरून होत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम डॉक्टर सांगतील तितक्या वेळाने देवरूखला करून रिपोर्ट पाठवता येतील.

गावातली माणसंही धरून ठेवा. तुमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्यांना वडिलांचं डिस्चार्ज कार्ड दाखवून ठेवा. तिथून ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलता येतं, मोफत. ही सरकारी सेवा घरच्या मोबाइलवरूनही चालते आणि २०२३ च्या फेब्रुवारीतच तिने दहा कोटी सल्ल्यांचा आकडा ओलांडला. सर्दी-ताप, जुलाब, शुगरचा साधा प्रश्न यासाठी ती चांगली आहे. हृदयाच्या गोळ्या मात्र एकाच डॉक्टरने बदलायच्या. तीन ठिकाणांहून तीन जण गोळ्या बदलायला लागले की म्हातारी माणसं दोनदा तीच गोळी घेतात.

आणि फोन-व्हिडिओ काहीही न करता थेट १०८ लावायचा, असे प्रसंग वडील आणि आई दोघांना तोंडपाठ हवेत: छातीत दुखणं, आडवं झोपताच न येण्याइतका दम, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं किंवा एक बाजू लुळी पडणं. अशा वेळी "आधी ॲपवर डॉक्टर मिळतात का बघते" यात अर्धा तास जातो. रात्री गाडी काढणारा शेजारी कोण, त्याचा नंबर त्याच फ्रीजवरच्या कागदावर लिहा.

तुमच्या पत्रात आई एका वाक्यात येऊन जाते, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. ही सगळी मशीनं रोज चालवणार कोण? काट्याचे सेल बदलणार कोण, ॲप अडकलं की हॉस्पिटलच्या नंबरवर ताटकळणार कोण, "आज मीठ कमी का" म्हणून बोलणी खाणार कोण? घरबसल्या देखरेख म्हणजे बहुतेक घरांत बाईच्या कामात आणखी एका कामाची भर असते, आणि तिला कुणी विचारत नाही. तिला विचारा. पहिले आठ दिवस रजा काढून तुम्ही तिथे राहा, तिच्याबरोबर रोज सकाळी हे सगळं करा, तिच्या हाताला वळण पडू द्या. ॲप तिला जमत नसेल तर वहीच्या पानाचा फोटो पाठवणं जमेल, तेवढ्यावर भागेल का हे हॉस्पिटलला विचारा.

भावालाही खरं काम द्या. तुमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा त्याच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ-साडेनऊ झालेले असतात. तो कामावरून आलेला असतो. सकाळचा फोन त्याचा. पण फोन लावल्या लावल्या "वजन किती?" नको. आधी काय चाललंय, आंब्याला मोहर कसा आहे, हे बोलू द्या; आकडे वडील सांगतीलच.

जबाबदारी झटकताय का, असं तुम्ही विचारलंत. नाही. वडिलांना स्वतःच्या घरात, आपल्या माणसांत राहायचंय आणि ते सुरक्षितपणे कसं जमेल याची तुम्ही तजवीज करताय. मशीन बसवून नंतर महिनोन् महिने कुणी त्याकडे बघितलं नाही, तर ते झटकणं होईल. आणि एक दिवस येईल की दोघांना तिथे एकटं ठेवणं जमणार नाही. आई एकटीने त्यांना उठवू शकत नाही, किंवा ते गोळ्या घेतल्या की नाही हे विसरायला लागलेत, असं झालं की आकडे कितीही चांगले असले तरी पुन्हा बसून बोलावं लागेल. ते बोलणं आत्ता, सगळे शांत असताना, एकदा करून ठेवा: तसं झालं तर ठाण्याला यायचं, की गावातच कुणी मुक्कामाला ठेवायचं?

पहिला महिना झाला की वहीची पानं घेऊन डॉक्टरांशी बोला आणि मलाही कळवा, हॉस्पिटलने त्या पहिल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते. आणि मशीन घरात आलंच आहे, तर आईचंही बीपी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेऊन लिहा. घरी घेतलेलं सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल, तर मेमध्ये कोल्हापूरला जाताना तिचाही नंबर लावा.